'बलवान व्हा' या आज्ञेतले बळ कोणाचे? नव्या करारातील एका ग्रीक क्रियापदाचा अर्थ आणि व्याकरण

इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील दहावे वचन अनेक मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असते. प्रभूमध्ये आणि त्याच्या प्रबळ सामर्थ्यात बलवान व्हा, अशी ती आज्ञा आहे आणि तिच्या पाठोपाठ देवाच्या शस्त्रसामग्रीचे प्रसिद्ध वर्णन येते. मराठीत हे वाक्य ऐकले की ती कंबर कसण्याची हाक वाटते: धीर एकवटा, खचू नका, होती नव्हती ती ताकद पणाला लावा. मूळ ग्रीक क्रियापदाचा रोख मात्र वेगळा आहे. बळ ऐकणाऱ्याच्या अंगचे नाही, ते त्याला दुसऱ्याकडून मिळायचे आहे, ही गोष्ट त्या क्रियापदाच्या घडणीत आणि त्याच्या रूपात नोंदलेली आहे. भाषांतरात नेमकी तीच निसटते. म्हणून हे एकच क्रियापद सावकाश उलगडून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी ग्रीक येण्याची गरज नाही. शाळेत मराठी व्याकरण आणि थोडे संस्कृत शिकलेल्या वाचकाकडे लागणारी जवळजवळ सगळी साधने आधीच आहेत.

हे क्रियापद आहे 'एन्दुनामोओ'. त्याच्या मध्यभागी 'दुनामिस' हे नाम आहे आणि त्याचा अर्थ सामर्थ्य, काही करून दाखवण्याची क्षमता. ग्रीकमध्ये नामाला किंवा विशेषणाला 'ओओ' हा शेवट जोडून क्रियापद बनवण्याची जुनी रीत आहे. 'दूलोस' म्हणजे दास, तर 'दूलोओ' म्हणजे दास करणे. 'देलोस' म्हणजे स्पष्ट, तर 'देलोओ' म्हणजे स्पष्ट करणे. 'तुफ्लोस' म्हणजे आंधळा, तर 'तुफ्लोओ' म्हणजे आंधळा करणे. या घडणीच्या क्रियापदांत बहुधा 'तसे करून सोडणे' हा अर्थ असतो आणि त्यामुळे ती सकर्मक असतात. मराठी व्याकरणात आपण ज्यांना नामधातू म्हणतो त्यांच्याशी त्यांचे नाते लगेच ध्यानात येते: हात या नामापासून हाताळणे, लाथ या नामापासून लाथाडणे. बळ या नामापासून आपल्याकडे 'बळावणे' आहे, पण ते अकर्मक आहे. ताप बळावतो, संशय बळावतो, आणि तो कोणी बळावला हा प्रश्न उद्भवत नाही. 'एन्दुनामोओ' या क्रियापदाच्या बाबतीत तो प्रश्न प्रत्येक वेळी उद्भवतो, कारण त्याचा मूळ अर्थच 'दुसऱ्याला समर्थ करणे, बळ देणे' असा आहे.

सुरुवातीचा 'एन' हा उपसर्ग 'आत' असा अर्थ देतो. त्यावरून 'आत बळ ओतणे' असे स्पष्टीकरण प्रवचनांतून ऐकू येते. ते मनाला भावणारे असले तरी त्यावर फार भार टाकू नये. उपसर्गाशिवायचे 'दुनामोओ' हे क्रियापदही नव्या करारात आहे. कलस्सैकरांस पत्रात (1:11) ते जवळजवळ याच अर्थाने येते. शिवाय हस्तलिखितांमध्ये ही दोन रूपे एकमेकांच्या जागी आलेली दिसतात. इफिस 6:10 मध्ये बहुतेक हस्तलिखितांत उपसर्ग आहे, पण सुमारे इसवी सन 200 च्या सुमारास लिहिला गेलेला मानला जाणारा पपायरस 46 आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखित यांत तो नाही. इब्री लोकांस पत्रात (11:34) उलट घडले आहे: जुन्या प्रतींत साधे रूप आहे आणि नंतरच्या बहुसंख्य प्रतींत उपसर्ग लागलेला आहे. ज्यांची मातृभाषा ग्रीक होती त्या नकलकारांना जो फरक मोठा वाटला नाही, त्यावर आपण सिद्धान्त उभारणे योग्य नव्हे.

तीच सावधगिरी 'दुनामिस' आणि डायनामाइट यांच्या बाबतीत हवी. आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 मध्ये आपल्या स्फोटकाचे पेटंट घेतले आणि त्याला ग्रीक शब्दावरून नाव दिले. म्हणून पहिल्या शतकातील पत्रलेखकाच्या मनात स्फोट होता असे म्हणता येत नाही. नातवाच्या स्वभावावरून आजोबांचा स्वभाव ठरवण्यासारखे ते होईल.

आता हे क्रियापद कोठे कोठे येते ते पाहू. नव्या कराराच्या आज स्वीकारल्या जाणाऱ्या ग्रीक पाठात ते सात वेळा आहे: प्रेषितांची कृत्ये 9:22, रोमकरांस 4:20, इफिसकरांस 6:10, फिलिप्पैकरांस 4:13, तीमथ्याला पहिले पत्र 1:12 आणि तीमथ्याला दुसरे पत्र 2:1 व 4:17. एक स्थळ सोडता बाकी सारी पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत आहेत, आणि उरलेले एक स्थळही पौलाविषयीच आहे. इफिसकरांस पत्र आणि तीमथ्याची पत्रे स्वतः पौलाने लिहिली की त्याच्या शिष्यपरंपरेतील कोणी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; पण या शब्दाचा वापर सर्वत्र एकाच वळणाचा आहे. सातांपैकी तीन ठिकाणी क्रियापद कर्तरी रूपात आहे, आणि त्या तिन्ही ठिकाणी बळ देणारा ख्रिस्त किंवा प्रभू आहे व बळ घेणारा पौल आहे. उरलेल्या चार ठिकाणी माणूस या क्रियापदाचा व्याकरणातील कर्ता होतो खरा, पण तेथे रूप बदलते आणि तो बळ मिळालेला ठरतो. माणूस स्वतः हे क्रियापद कर्तरी रूपात चालवतो आहे, असे एकही वाक्य नव्या करारात नाही. मला या क्रियापदाविषयी सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते.

हे रूप कसे बदलते, हे समजून घ्यायला संस्कृतची मदत होते. ग्रीक आणि संस्कृत या एकाच कुळातील भाषा आहेत आणि त्यांच्या क्रियापदांची हाडे अजूनही जुळतात. संस्कृतात परस्मैपद आणि आत्मनेपद असे प्रत्ययांचे दोन संच आहेत. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति', आणि यजमान स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते'. ग्रीकमध्येही असेच दोन संच आहेत. दुसऱ्या संचाला मध्यम प्रयोग म्हणता येईल, आणि तो कर्त्याचे क्रियेत स्वतः गुंतलेले असणे दाखवतो. संस्कृतात कर्मणी प्रयोगही आत्मनेपदाचेच प्रत्यय वापरतो, पण मध्ये 'य' येतो म्हणून तो ओळखू येतो. ग्रीकमध्ये वर्तमानकाळात आणि अपूर्ण भूतकाळात असे कोणतेही वेगळे चिन्ह नाही. मध्यम आणि कर्मणी यांचे रूप तेथे अगदी एकच असते, आणि निर्णय संदर्भावर सोपवलेला असतो. साध्या भूतकाळात, ज्याला ग्रीक व्याकरणात अओरिस्त म्हणतात, दोघे वेगळे होतात: कर्मणीत 'थे' येतो, मध्यमात 'सा'.

संस्कृतातला आणखी एक नियम येथे जसाच्या तसा भेटतो. 'अनुगच्छति' याचे भूतकाळी रूप 'अन्वगच्छत्' होते. भूतकाळ दाखवणारा 'अ' उपसर्ग आणि धातू यांच्या मध्ये शिरतो. ग्रीकमध्ये हा 'अ' 'ए' झाला आहे. म्हणून 'एन' अधिक 'ए' अधिक 'दुनामोसेन' मिळून 'एनेदुनामोसेन' होते, म्हणजे 'त्याने बळ दिले'. 'एनेदुनामोथे' म्हणजे 'त्याला बळ मिळाले'. या दोन रूपांत शेवटच्या एका अक्षरसमूहाचा फरक आहे, आणि देणारा व घेणारा यांची अदलाबदल तेवढ्यात होते.

रोमकरांस पत्रातील अब्राहामाच्या प्रसंगात हे दुसरे रूप येते. तेथे संशयाला जागा नाही, कारण 'थे' स्पष्ट आहे. आधीच्या वचनात अब्राहाम सुमारे शंभर वर्षांचा आहे, त्याचे शरीर मृतवत झालेले आहे, सारेचे गर्भाशयही तसेच. आणि हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहूनही तो विश्वासात दुर्बळ झाला नाही, असे पौल म्हणतो. तेथे 'दुर्बळ होणे' यासाठी जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ 'बलहीन असणे' असा होतो. लगेच पुढच्या वचनात 'त्याला बळ मिळाले' हे रूप येते. दोन्ही क्रियापदांसोबत 'विश्वास' हाच शब्द त्याच विभक्तीत आहे, त्यामुळे 'विश्वासात बळ मिळाले' असेही वाचता येते आणि 'विश्वासाने' असेही. मला पहिला अर्थ अधिक योग्य वाटतो, कारण समोरच्या वाक्यातील 'विश्वासात दुर्बळ' या शब्दांशी त्याचा जोड नीट बसतो.

आता मूळ आज्ञेकडे वळू. इफिस 6:10 मधील रूप आहे 'एन्दुनामूस्थे'. धातूच्या शेवटचा 'ओ' आणि प्रत्ययाआधीचा 'ए' मिळून ग्रीकमध्ये 'ऊ' होतो, एवढाच त्यातला संधी आहे. हे द्वितीय पुरुषी अनेकवचन आहे, म्हणजे आज्ञा एकट्यादुकट्याला नसून साऱ्या मंडळीला आहे. काळ वर्तमान आहे, आणि प्रत्यय तोच दुहेरी, मध्यमही आणि कर्मणीही. नव्या करारातील याच्या इतर वापरांचा विचार करता कर्मणी अर्थ अधिक संभवनीय आहे: 'तुम्हांला बळ दिले जावो, तुम्ही ते घ्या'.

येथे मराठी वाचकाला एक खरी अडचण येते. ज्या क्रियेचा करणारा दुसराच आहे, तिची आज्ञा कशी द्यायची? 'बळकट केले जा' हे मराठी वाक्य नव्हे. पण आपली भाषा इतकीही अडून बसत नाही. 'डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या' असे आपण रोज म्हणतो. तपासणार डॉक्टर, आज्ञा मात्र रुग्णाला, आणि त्या आज्ञेत रुग्णासाठी पुरेसे काम आहे: जायचे, स्वतःला त्यांच्या स्वाधीन करायचे, मध्येच उठून यायचे नाही. 'एन्दुनामूस्थे' या आज्ञेची जात हीच आहे. म्हणून 'प्रभूकडून बळ घेत राहा' हे 'बलवान व्हा' यापेक्षा मुळाच्या जवळ जाते, मात्र 'प्रभूमध्ये' या शब्दातील जवळीक त्यात उणावते, हेही मान्य केले पाहिजे. 'बलवान व्हा' हे भाषांतर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. त्यात देणारा अदृश्य होतो, ही माझी तक्रार आहे.

अशी कर्मणी आज्ञा हा काही अपवाद नाही. याच पत्रात आधी (5:18) आत्म्याने परिपूर्ण होण्याची आज्ञा आहे, तिचे रूप 'प्लेरूस्थे'. रोमकरांस 12:2 मध्ये मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ देण्याची आज्ञा आहे, तिचे रूप 'मेतामोर्फूस्थे'. दोन्ही क्रियापदे 'ओओ' शेवटाचीच आहेत, तिन्ही आज्ञांचा शेवट सारखा वाजतो, आणि तिन्हींत माणसाला सांगितले आहे ते स्वतःहून घडवता न येणारे काम.

वर्तमानकाळी आज्ञेवरून 'सतत, पुन्हा पुन्हा' असा अर्थ काढण्याची पद्धत आहे. ग्रीकमध्ये तो अर्थ प्रत्येक वेळी गृहीत धरता येत नाही; क्रियापदाचा स्वभाव आणि संदर्भ पाहावा लागतो. येथे मात्र संदर्भ त्याला पोषक आहे. पुढील ओळींत टिकून उभे राहण्याची भाषा चार वेळा येते, आणि उभे राहणे ही एका क्षणात आटोपणारी क्रिया नाही.

पुढच्याच वचनात 'एन्दुसास्थे' येते, म्हणजे 'धारण करा, अंगावर चढवा'. हे अओरिस्तातील रूप आहे आणि त्यातील 'सा' सांगतो की येथे मध्यम प्रयोग आहे: हे तुमचे तुम्हीच चढवायचे आहे. बळ दिले जाते, शस्त्रसामग्री चढवायची असते. लागोपाठच्या दोन वचनांत दोन प्रयोग आहेत आणि माणसाच्या निष्क्रियतेचा अर्थ कोणी काढू नये याची सोय तेथेच झालेली आहे. अर्थात शस्त्रसामग्रीही देवाचीच आहे. यशया 59:17 मध्ये नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण स्वतः परमेश्वर धारण करतो. येथे तीच मंडळीला घालायला मिळतात.

या परिच्छेदात 'दुना' हे मूळ पुढे तीनदा ऐकू येते, आणि भाषांतरात ते कोणाच्याच कानावर पडत नाही. अकराव्या वचनात 'उभे राहता यावे म्हणून', तेराव्यात 'प्रतिकार करता यावा म्हणून', सोळाव्यात 'अग्निबाण विझवता येतील' – या तिन्ही ठिकाणचे 'येणे', म्हणजे शक्य होणे, ग्रीकमध्ये 'दुनामाय' या क्रियापदाने सांगितले आहे आणि ते 'दुनामिस' याच कुळातले आहे. दहाव्या वचनात सामर्थ्य दिले जाते, आणि नंतर त्याच शब्दाने सांगितले जाते की आता तुम्हांला जमेल. त्याच दहाव्या वचनात बळासाठी आणखी दोन शब्द आहेत, 'क्रातोस' आणि 'इस्खुस'. पहिल्यात सत्ता गाजवणारे बळ आहे, दुसऱ्यात अंगी असलेली ताकद. यांच्यातील सूक्ष्म भेद शोधण्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: हीच जोडी पत्राच्या पहिल्या अध्यायात (1:19–20) येऊन गेलेली आहे, आणि तेथे हे बळ म्हणजे ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवणारे बळ असे सांगितले आहे. सहाव्या अध्यायातील वाचकाला कोणते बळ घ्यायचे आहे, ते लेखकाने असे आधीच सांगून ठेवले आहे.

मध्यम प्रयोगाच्या बाजूनेही एक चांगला पुरावा आहे आणि तो झाकून ठेवू नये. जुन्या करारातील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (30:6) दावीद सिकलाग येथे परत येतो तेव्हा गाव जळालेले असते, बायकामुले पळवून नेलेली असतात आणि त्याचीच माणसे त्याला दगडमार करण्याच्या गोष्टी बोलू लागतात. तेव्हा दाविदाने आपला देव परमेश्वर याच्या ठायी स्वतःला सावरले, असे हिब्रू वाक्य आहे. तेथील क्रियापदाचे रूप आत्मवाचक आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे वाक्य 'एक्रातायोथे … एन कुरिओ' असे आले आहे: क्रियापद वेगळे, 'क्रातोस' शब्दाच्या कुळातले, पण 'प्रभूमध्ये' हे शब्द अगदी तेच. गंमत अशी की ग्रीक भाषांतरकाराने आत्मवाचक हिब्रू रूपासाठी 'थे' असलेले रूप वापरले. म्हणजे स्वतःला सावरणे आणि सावरले जाणे यांच्यातील रेघ प्रत्यक्ष भाषेत आपण समजतो तितकी ठळक नव्हती.

जुन्या करारातील गिदोनाच्या गोष्टीत आपले क्रियापदच येते, आणि तेही लक्षवेधी रीतीने. शास्ते 6:34 मध्ये परमेश्वराच्या आत्म्याने गिदोनाला 'पांघरले' किंवा 'परिधान केले' असे हिब्रूत आहे. या पुस्तकाचे ग्रीक भाषांतर दोन पाठांत टिकून आहे. एका पाठात 'एनेदुसेन' आहे, म्हणजे हिब्रूप्रमाणेच वस्त्र घालण्याचे क्रियापद. व्हॅटिकन हस्तलिखितातील पाठात 'एनेदुनामोसेन' आहे, 'बळ दिले'. दोन्ही शब्द कानाला किती जवळचे आहेत पाहा. इफिसकरांस पत्रात 'एन्दुनामूस्थे' पाठोपाठ 'एन्दुसास्थे' येते तेव्हा हाच नाद पुन्हा ऐकू येतो. लेखकाच्या मनात गिदोन होता असे सिद्ध करता येणार नाही, पण ते पत्र मंडळीत मोठ्याने वाचले जात होते आणि हा नाद ऐकणाऱ्यांच्या कानांवर पडत होता, हे नक्की.

प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंगात बळाचे दोन शब्द तीन वचनांच्या अंतरावर आहेत. दिमिष्कात तीन दिवस आंधळा आणि उपाशी राहिलेला शौल, म्हणजेच पौल, अन्न घेतो आणि त्याला ताकद येते (9:19). तेथे 'एनिस्खुसेन' हे क्रियापद आहे, जेवल्यावर अंगात येणाऱ्या ताकदीचे. बाविसाव्या वचनात तोच शौल अधिकाधिक समर्थ होत गेला, असे सांगताना या पुस्तकाचा लेखक लूक 'एनेदुनामूतो' वापरतो. तो अपूर्ण भूतकाळ आहे, म्हणून 'होत गेला'. रूप दुहेरी आहे, देणाऱ्याचे नाव नाही, पण जेवणाने आलेल्या ताकदीसाठी वापरलेला शब्द सोडून लूकने येथे दुसरा घेतला आहे, हे सहज घडले असेल असे मला वाटत नाही.

फिलिप्पैकरांस 4:13 हे या क्रियापदाचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ आहे आणि त्याच्यावर सर्वांत अन्यायही झाला आहे. परीक्षा, सामना, धंदा, कोणत्याही यशाची हमी म्हणून ते भिंतीवर लावले जाते. ग्रीकमध्ये ते सहा-सात शब्दांचे आहे: 'पान्ता इस्खुओ एन तो एन्दुनामून्ती मे'. 'करणे' असा अर्थ असलेले क्रियापद त्यात नाहीच. 'इस्खुओ' म्हणजे माझ्यात ताकद आहे, मी पुरा पडतो. 'पान्ता' म्हणजे सर्व गोष्टी. या सर्व गोष्टी कोणत्या, ते आधीच्या वचनात आहे: पोट भरलेले असणे आणि उपाशी असणे, विपुलता आणि टंचाई. म्हणून 'मला जो बळ देतो त्याच्या ठायी मी या सगळ्याला पुरून उरतो' हे भाषांतर मुळाशी अधिक प्रामाणिक आहे. पौल तेव्हा बंदिवासात होता आणि एपफ्रदीताच्या हातून आलेल्या मदतीबद्दल फिलिप्पैकरांचे आभार मानत होता. अकराव्या वचनात तो स्वतःला 'औतार्केस' म्हणवतो. हा त्या काळच्या स्टोइक तत्त्वज्ञांचा लाडका शब्द होता, स्वयंपूर्ण, कोणावर अवलंबून नसलेला. दोनच वचनांनंतर तो या स्वयंपूर्णतेचे मूळ दुसऱ्याच्या हाती असल्याचे सांगतो. 'एन्दुनामून्ती' हे वर्तमानकाळी धातुसाधित आहे, 'बळ देत असलेला'. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात (1:12) हेच धातुसाधित अओरिस्तात आहे, 'ज्याने बळ दिले त्याचे मी आभार मानतो', कारण तेथे तो आपल्याला सेवेसाठी नेमले त्या वेळेकडे मागे वळून पाहतो आहे.

तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात या क्रियापदाच्या दोन्ही बाजू एकत्र येतात. 'एन्दुनामू', ख्रिस्त येशूमधील कृपेत बळ घे, अशी एकवचनी आज्ञा दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीस आहे. इफिस 6:10 मधील रूप अक्षरे पाहता विधानार्थीही असू शकते आणि तेथे आज्ञा असल्याचे संदर्भावरून कळते. 'एन्दुनामू' हे रूप मात्र आज्ञेचेच, कारण विधानार्थी रूप 'एन्दुनामोय' असे झाले असते. शेवटच्या अध्यायात लेखक आपला अनुभव सांगतो: पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, सर्वांनी मला सोडले, परंतु प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला बळ दिले. येथे 'एनेदुनामोसेन' हे साधे कर्तरी रूप आहे. कर्ता प्रभू, कर्म 'मला'. आणि वाक्य तेथे थांबत नाही, पुढे 'हिना', म्हणजे 'यासाठी की', असे उद्देशवाक्य जोडलेले आहे: माझ्याकडून घोषणा पूर्ण व्हावी आणि सर्व परराष्ट्रीयांनी ती ऐकावी. याच अध्यायात थोडे आधी (4:6) त्याने आपल्या प्रयाणाची वेळ जवळ आल्याचे लिहून ठेवले आहे. त्यामुळे हे बळ मरण टाळण्यासाठी दिले गेले असे त्याला म्हणायचे नाही, हे त्या 'हिना'वरून आणि या ओळीवरून दोन्हीकडून स्पष्ट होते.